उथळ पाण्याचे पाहुणे

(मंडळाच्या गणेशोत्सवातील व्याख्यानाचा मजकूर)



‘उथळ पाण्याला खळखळाट फार’ ही म्हण आपण सगळेच वापरतो. फार बोलणाऱ्या माणसाला गप्प करायला ती बरी पडते. पण या म्हणीमुळे उथळ पाण्याची उगीच बदनामी झाली आहे. आपल्याला पाणी म्हटले की खोल विहीर, भरलेले धरण, तुडुंब नदी आठवते. गुडघाभर पाणी, चिखल, लव्हाळा, शेवाळ दिसले की आपण म्हणतो, ‘जागा वाया गेली आहे, भराव टाकला तर कामाला येईल.’ आज मी त्या उथळ पाण्याची बाजू मांडणार आहे. साक्षीदार म्हणून रानबदकांना बोलावले आहे.

आधी जागेची ओळख करून घेऊ. १९५६ साली पंडित नेहरूंच्या हस्ते आपली कागद मिल राष्ट्राला अर्पण झाली. त्या मिलच्या निमित्ताने आपल्यापैकी कितीतरी जणांचे वडील, आजोबा येथे आले आणि येथलेच झाले. तरी माहेर, आजोळ, कुलदैवत यांच्या निमित्ताने आपले खाली खानदेशात जाणे-येणे चालूच असते. गाडी बऱ्हाणपूर, रावेर, सावदा करत भुसावळच्या अलीकडे तापीचा पूल ओलांडते. त्या पुलाच्या वरच्या अंगाला हतनूरचे धरण आहे. तापी आणि पूर्णा यांचा संगम चांगदेवला होतो आणि धरणाचा फुगवटा त्या संगमाच्या परिसरापर्यंत पसरतो. महाशिवरात्रीला मुक्ताई-चांगदेवाच्या यात्रेला जाणाऱ्यांनी हे पाणी नक्कीच पाहिले असेल.

तापी मुलताईला उगम पावते आणि ७२४ किलोमीटर पश्चिमेला वाहत सुरतेजवळ समुद्राला मिळते. बैतूलच्या डोंगरात आणि आपल्या बऱ्हाणपूर जिल्ह्यात पाऊस कोसळला की लगेच बातमी येते, ‘हतनूरचे दरवाजे उघडले’. एकूण दरवाजे ४१ आहेत. आपण ती बातमी पुराची म्हणून वाचतो. बदकांच्या दृष्टीने ती पुढच्या हिवाळ्याच्या जेवणाची तयारी असते. ते कसे, ते सांगतो.

नदी पुरात जिथवर पाय पसरते, ती जागा तिचीच असते. भूगोलात त्याला पूरमैदान म्हणतात, आपली जुनी माणसे मळई म्हणत. पूर येतो तेव्हा पाण्याबरोबर गाळ येतो, सडका पालापाचोळा येतो, गवताचे बी येते, माशांची अंडी येतात. पूर ओसरतो तेव्हा हे सगळे काठावर, खळग्यांत, डबक्यांत राहते. ऊन लागते, शेवाळ धरते, पाणवनस्पती वाढतात, त्यांवर किडे, गोगलगाई, अळ्या पोसतात. मग हिवाळाभर पाणी थोडे थोडे उतरत जाते आणि दर आठवड्याला चिखलाचा एक नवा पट्टा उघडा पडतो. ताटात एक पदार्थ संपला की दुसरा वाढावा, तसे हे चालते.

तापीचे काठ उंच आणि चिरलेले आहेत, त्यामुळे गंगेसारखे कोसच्या कोस पसरलेले पूरमैदान तिच्या वाट्याला आले नाही. हतनूरच्या फुगवट्याने मात्र संगमाजवळ तशी जागा निर्माण केली. ती माणसाने केलेली आहे हे खरे. १९८२ साली धरण पूर्ण झाले ते शेतीसाठी, दीपनगरच्या वीज केंद्रासाठी, वरणगावच्या आयुध निर्माणीसाठी. बदकांसाठी कोणी धरण बांधत नाही. पण तेथे पाणी पसरते, गाळ साचतो, पातळी चढते-उतरते. पक्ष्यांना तेवढे पुरले. भारतातील पक्ष्यांच्या दृष्टीने महत्त्वाच्या क्षेत्रांच्या यादीत हतनूरचे नाव आले आणि वरणगावची चातक निसर्ग संवर्धन संस्था तेथे पक्षिगणना करते.

आता बदकांना उथळ पाणीच का लागते? बदकांच्या दोन मोठ्या जाती-जमाती आहेत. एक बुडी मारणाऱ्यांची. लालसरी, शेंडी बदक ही मंडळी पाण्यात पूर्ण बुडून तळाचे खाणे शोधतात. त्यांना खोल पाणी चालते. दुसरी जमात बुडत नाही. ती पाण्यावर तरंगत डोके खाली करते, शेपूट वर करते आणि मान पोचेल तेवढेच खाते. मान पोचणार ती किती? वीतभर, फार तर हातभर. म्हणजे पाणी कमरेइतके झाले की या बदकांसाठी ते कुलूप लावलेले कोठार झाले. सरोवर कितीही मोठे असो, त्याच्या काठचा हातभर खोलीचा पट्टा हेच त्यांचे स्वयंपाकघर. आपण धरणाची साठवण किती दशलक्ष घनमीटर, हे मोजतो. बदक काठ मोजते.

आता आपल्या घरच्या बदकांची ओळख. ही बारा महिने येथेच राहतात. पहिले नाव ऐकून समोरच्या ताई-वहिनी खूश होतील. या बदकाचे मराठी नाव आहे हळदी-कुंकू. चोच काळी, टोकाला हळदीचे बोट लावल्यासारखा पिवळा रंग आणि कपाळापाशी चोचीच्या मुळाशी दोन लाल ठिपके. हे लेणे नर आणि मादी दोघांनाही असते. पावसाळ्यात काठच्या गवतात जमिनीवरच घरटे करून मादी आठ-दहा अंडी घालते. म्हणजे आपल्याकडे गणपती बसलेले असतात, त्याच सुमारास कुठेतरी लव्हाळ्यात हळदी-कुंकवाच्या घरी पिल्ले फिरत असतात.

दुसरी अडई. तांबूस, लांब मानेची, थव्याने राहणारी. उडताना बारीक शीळ घालते, त्यामुळे रात्री डोक्यावरून थवा गेला तरी कळते. तिसरे काणूक, आपल्याकडचे सर्वांत लहान बदक. नर पांढरा शुभ्र, पाठीवर हिरवी चमक, गळ्यात काळी पट्टी. कमळाच्या पानांत बसले तर फुलच वाटावे. चौथा नकटा. नाव नकटा, पण अख्ख्या पाणथळीत याच्याएवढे नाक कोणाला नाही! नराच्या चोचीवर मांसल उंचवटा असतो आणि विणीच्या दिवसांत तो आणखी फुगतो. नाव ठेवणाऱ्याने चेष्टाच केली असावी.

अडई, काणूक आणि नकटा यांची एक गोष्ट पुष्कळांना ठाऊक नसते. ही बदके झाडावर घरटे करतात. जुन्या झाडाच्या ढोलीत अंडी घालतात. पिल्ले बाहेर आली की त्यांना उडता येत नसते, पण आई खालून हाक मारते आणि ती कापसाच्या गोळ्यांसारखी एकेक करून खाली उडी टाकतात. हलकी असतात, त्यामुळे लागत नाही. तेथून पाण्यापर्यंत आईच्या मागे चालत जातात. म्हणजे नदीकाठचा जुना अर्जुन, आंबा, वड तोडला की आपण बदकाचे बाळंतिणीचे घर पाडतो. पाणी तेवढेच राहते, पण बदके कमी होतात आणि कारण कोणाच्या लक्षात येत नाही.

आता पाहुण्यांकडे वळू. पहिला येतो भुवई बदक. नराच्या डोळ्यावर पांढरी शुभ्र भुवई असते म्हणून हे नाव. विसर्जन आटोपते न आटोपते तोच याचे थवे पाण्यावर उतरू लागतात. त्यांच्या मागे ऑक्टोबर-नोव्हेंबरात तलवार बदक येते, शेपटीतून लांब टोकदार पिसे काढलेले. मग पसरट चोचीचा थापट्या, लहानखुरा चक्रांग, राखाडी गडवाल. थापट्याची चोच मुद्दाम पाहण्यासारखी आहे. थापी किंवा उलथने असावे तशी ती पुढे रुंद असते आणि कडेला कंगव्यासारखे बारीक दात असतात. पाणी आत घ्यायचे, कडेने सोडायचे, आत राहिलेले बारीक कण खायचे. आपल्या घरातली चाळणीच म्हणा.

हे सगळे सैबेरिया, कझाकस्तान, मंगोलिया अशा दूर देशांतून येतात. पूर्वी याबद्दल अंदाजच होता. बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी ही १८८३ साली स्थापन झालेली संस्था. डॉ. सालिम अली यांच्या नेतृत्वाखाली १९६०च्या सुमारास तिने पक्ष्यांच्या पायात क्रमांकाचे वाळे घालण्याचे मोठे काम हाती घेतले. भरतपूरला वाळे घातलेली बदके सैबेरियात सापडली आणि अंदाजाचा पुरावा झाला. या प्रवासाच्या वाटेला मध्य आशियाई उड्डाणमार्ग म्हणतात आणि तो ३० देशांवरून जातो. पट्टकदंब नावाचा हंस, जो जायकवाडीच्या नाथसागरावरही येतो, हिमालय ओलांडून येतो. यंत्र लावून मोजले तेव्हा तो ७,२९० मीटर उंचीवर उडताना आढळला. कळसूबाई सोळाशे मीटरच्या आसपास आहे, यावरून कल्पना करा.

मुलांसाठी एक सूचना. सप्टेंबरात हे पाहुणे पाहायला गेलात तर सगळे मातकट, एकसारखे दिसतील आणि पुस्तकातले चित्र जुळणार नाही. विणीनंतर नर आपली रंगीत पिसे टाकतात. त्या काळात उडण्याची पिसे एकदमच गळतात आणि तीन-चार आठवडे त्यांना उडताच येत नाही. नवी पिसे फुटल्यावर प्रवास सुरू होतो, पण पूर्ण पोशाख चढायला डिसेंबर उजाडतो. म्हणून ओळख करून घ्यायची तर डिसेंबर-जानेवारीत जावे.

पाहुण्यांत मानाचा पाहुणा म्हणजे चक्रवाक. केशरी रंगाचा, मोठा, जोडीने राहणारा. नदीच्या वाळूवर दिसतो. याचेच दुसरे नाव ब्राह्मणी बदक, आणि आपल्या इकडच्या हिंदीत सुर्खाब. ‘तुला काय सुर्खाबाचे पर लागले आहेत का?’ असे आपण या प्रदेशात रोज ऐकतो, तो सुर्खाब हाच! संस्कृत कवींनी या जोडीला रात्रीच्या विरहाचा शाप दिला. नर एका तीरावर, मादी दुसऱ्या तीरावर, आणि रात्रभर एकमेकांना हाका. यात निरीक्षण अगदीच खोटे नाही. ही बदके रात्री चरतात, पांगतात आणि आँग, आँग असा आवाज देत एकमेकांचा ठाव घेत राहतात. कवींनी ऐकले ते खरे होते, कारण मात्र त्यांनी आपल्या मनातले लावले. लडाख, तिबेटच्या उंच सरोवरांकाठी हे पक्षी बिळांत, कपारींत घरटी करतात आणि हिवाळ्यात आपल्या नद्यांवर येतात. वाळू सपाट आणि मोकळी असेल तरच ते निर्धास्त बसतात, कारण कोल्हा-कुत्रा दुरून दिसावा लागतो. वाळूचा उपसा झाला, पात्रात खड्डेच खड्डे झाले की चक्रवाकाची बैठक मोडते.

एवढे ऐकल्यावर मनात येईल, चार बदके कमी आली तर काय बिघडले? त्यासाठी एका बदकाचे नाव सांगतो, जे आता आपण पाहू शकत नाही. गुलाबी डोक्याचे बदक. गंगा आणि ब्रह्मपुत्रेच्या पूरमैदानातल्या उंच गवताच्या डबक्यांत ते राहत असे. नराचे डोके आणि मान खरोखरच गुलाबी असे. रानात ते शेवटचे खात्रीने पाहिले गेले ते १९३५ साली, बिहारमधील दरभंगा भागात. शिकार झाली हे एक कारण. दुसरे कारण शांतपणे घडले. गवताची डबकी बुजवून शेते झाली. कोणी ठरवून त्या बदकाचा वंश संपवला नाही. प्रत्येकाने आपापला एक तुकडा तेवढा कामाला लावला.

आपल्या तापीवर नेमके हेच घडू नये, एवढेच माझे म्हणणे आहे. काठाला मालक नसतो, म्हणून काठ सर्वांत आधी जातो. धरणाचे पाणी उतरले की गाळाची सुपीक जमीन उघडी पडते. तेथे गाळपेर होते, टरबूज-काकडी लागते. ज्याच्या घरची चूल त्यावर चालते त्या शेतकऱ्याला दोष देऊन उपयोग नाही. तोही पक्ष्यासारखाच उतरत्या पाण्यामागे चालणारा आहे. पण तेथे फवारलेले औषध पहिल्या पावसात पाण्यात उतरते. माशांसाठी काठाला लावून ठेवलेल्या जाळ्यांत बुडी मारणारी बदके अडकतात. गावचे सांडपाणी आले की जलपर्णी माजते, काठाने बेशरम वाढते. पाणी दिसायला हिरवेगार होते, पण बदकाला उतरायला जागा उरत नाही. शिकारीला १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने बंदी आहे. बुजणाऱ्या काठाला मात्र कोणी चोर म्हणून पकडत नाही.

पाण्याच्या योजनांतही काठाचा विचार मागे राहतो. मे २०२५ मध्ये मध्य प्रदेश आणि महाराष्ट्र यांनी तापी खोरे महापुनर्भरण योजनेचा करार केला. केळीच्या पट्ट्यात भूजल किती खाली गेले आहे हे आपण जाणतो, त्यामुळे जमिनीत पाणी मुरवण्याची गरज कोणी नाकारणार नाही. फक्त पाणी किती आणि कोणाला, या हिशेबात आणखी एक रकाना असावा. नदीच्या काठाला किती उथळ पाणी, किती महिने राहील? हा प्रश्न नदीकाठच्या माणसांनी विचारला नाही, तर विचारणार कोण?

नीट जपले तर काय होते, याचे उदाहरण नाशिक जिल्ह्यात आहे. गोदावरी आणि कादवा यांच्या संगमावर नांदूर मध्यमेश्वरचा जुना बंधारा. ब्रिटिश काळात तो सिंचनासाठी बांधला. मागे गाळ साचत गेला, बेटे झाली, उथळ पाणी पसरले. सिंचनाच्या वहीत ही तूट होती. पण त्याच गाळावर इतके पक्षी येऊ लागले की लोक त्याला महाराष्ट्राचे भरतपूर म्हणू लागले. २१ जून २०१९ रोजी तो महाराष्ट्रातील पहिले रामसर स्थळ ठरला. रामसर हे इराणमधील गाव, जेथे २ फेब्रुवारी १९७१ रोजी पाणथळ जागांसाठी आंतरराष्ट्रीय करार झाला. आपल्या मध्य प्रदेशातही इंदूरचे सिरपूर आणि यशवंतसागर हे तलाव २०२२ साली या यादीत आले. नांदूर मध्यमेश्वरला आज आजूबाजूच्या गावांतील तरुण पर्यटकांना पक्षी दाखवतात आणि त्यावर चार पैसे मिळवतात. ज्या चिखलात काही पिकत नाही म्हणत होते, त्यात रोजगार पिकला.

आता आपल्या हातात काय आहे ते सांगून थांबतो. पहिली गोष्ट बाप्पाची. आपण मूर्ती विसर्जन करतो ते नदीच्या मध्यभागी नाही, काठच्या उथळ पाण्यातच. म्हणजे बरोबर त्या हातभर पट्ट्यात, जेथे महिनाभरात भुवई बदक चोच घालणार असते. प्लास्टर विरघळत नाही, रंग तळाशी बसतो, निर्माल्याची पिशवी लव्हाळ्यात अडकते. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने २०२० साली विसर्जनाच्या सुधारित सूचना काढल्या आहेत. त्यांचा सोपा अर्थ असा, की मूर्ती मातीची, रंग नैसर्गिक आणि विसर्जन हौदात. शाडूचा गणपती आपल्या आजीच्या घरी होताच, त्यात नवीन काही नाही. निर्माल्याचे खत आपल्या वाड्यांतील झाडांना घालता येईल.

दुसरी गोष्ट मोजणीची. दर जानेवारीत आशियाई पाणपक्षी गणना होते. आपल्या उपखंडात ती १९८७ पासून चालू आहे आणि ती करणारे बहुतेक लोक आपल्यासारखेच हौशी आहेत. एक दुर्बीण, एक वही आणि पहाटे उठण्याची तयारी लागते. आपल्या मंडळातून पाच-सहा जणांचा गट झाला आणि एकाच पाण्यावर दरवर्षी जानेवारीत गेला, तर दहा वर्षांत आपल्याजवळ अशी वही असेल जी कोणत्याही कार्यालयात पुढे ठेवता येईल. ‘पूर्वी खूप बदके यायची हो’ या वाक्याला अर्जात किंमत नसते, आकड्याला असते.

तिसरी गोष्ट शिष्टाचाराची. पाहुण्यांजवळ मोबाइल घेऊन धावू नये. थवा एकदा उडाला की त्याने सकाळभर मिळवलेली चरबी खर्च होते, आणि त्याच चरबीवर त्याला मार्च-एप्रिलात परत जायचे असते. शेव-पाव टाकू नये. काठचे जुने झाड कोणी तोडत असेल तर ढोली पाहायला सांगावे.

यंदा विसर्जन झाले, मांडव उतरला, आरतीची ताटे घासून ठेवली, की एखाद्या रविवारी सकाळी मुलांना घेऊन तापीवर जा. रंगीत काही दिसणार नाही. दुरून मातकट ठिपके दिसतील, डोके पाण्यात आणि शेपूट वर. त्यातल्या एखाद्याच्या डोळ्यावर फिकट भुवईची रेघ दिसली तर वहीत तारीख लिहून ठेवा. जानेवारीच्या मोजणीची पहिली ओळ तीच.

गणपती बाप्पा मोरया!